बंपरच्या दोन क्लिपा

गाड्यांचे पत्र्याचे बंपर जाऊन प्लॅस्टिकचे आले, तेव्हाची गोष्ट. एका बंपरला प्लॅस्टिकच्या दोन क्लिपा शेजारीशेजारी होत्या; मधली पिन दाबली की भोकात पाय फाकून त्या बंपर धरून ठेवायच्या. जुनी दर दुरुस्तीला निघायची, परत बसायची. तिला आता त्याचा शीण आला होता.

"मी नाही निघणार," गाडी दुरुस्तीला आली तेव्हा नवी म्हणाली.

"मधली पिन वर येऊ दे गं. मग पाय आपोआप मिटतात," जुनी थकल्या आवाजात म्हणाली.

मेकॅनिक हुसेनभाईंनी स्क्रूड्रायव्हर लावला. जुनी अलगद सुटली. नवीने पिन आत घट्ट धरून ठेवली. हुसेनभाईंनी जोर लावला, तसे तिचे पाय तुटले.

काम झाल्यावर त्यांनी जुनीला परत बसवून तिची पिन अंगठ्याने दाबली.

"दुसरी क्लिप नाही आत्ता. ही एकटी धरेल," ते गाडीच्या मालकाला म्हणाले.

जुनीने शेजारच्या रिकाम्या भोकाकडे पाहिलं आणि नेहमीपेक्षा घट्ट धरलं.