दर्याकडचा डोळा

एका राज्यात, जिथे जमीन संपते आणि दर्या सुरू होतो त्या टोकाला, एक बंदर होतं. सकाळी शिडं चढली की पलीकडचं आभाळ दिसू नये, आणि संध्याकाळी ती उतरली की मिरी, खजूर, सुकी मासळी अशा सतरा वासांनी धक्का भरून जावा. त्या बंदरात पोवळी नावाची बाई राहत असे. नव्या गलबतांना डोळे काढणं हे तिचं काम.

हसू नका. आंधळं गलबत पाण्यात लोटायची तिथे रीत नव्हती. गलबताच्या पुढच्या टोकाला, दोन्ही अंगांना, एकेक डोळा असे. जे अंग धक्क्याला लागतं, तिकडचा तो घरचा डोळा. तो परतीची वाट ओळखतो. दुसरा दर्याकडचा, तो पुढे नेतो. पांढऱ्यावर काळी बाहुली, भोवती लाल कड. पोवळीचा हात असा की डोळा पुरा झाला की गलबत आता पापणी मिटेल असं वाटावं. एका डोळ्याच्या गलबतावर मात्र कुणी तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, पाय ठेवत नसे.

तिचा नवरा धावजी हा असाच एक तांडेल. त्याचं नाव तिने कधी घेतलं नाही, ते तर रीतीप्रमाणेच. पण त्या गड्यानेही तिला जन्मात नावाने हाक मारली नव्हती! "अगं ए, ऐकलंस का?" एवढीच त्याची हाक, आणि ती धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाई.

त्या राज्याचा राजा सुकेतू. त्याचा एकुलता एक मुलगा तरंगसेन दर्यापार जायला निघाला. पाया पडून म्हणाला, "आबासाहेब, येतो." आता अशा वेळी माणसाने काय म्हणावं? "ये" म्हणावं. राजाने तोंड फिरवलं. लेकावर जीव फार. तो शब्द त्याने म्हटलाच नाही.

त्याच दिवशी दरबारात कज्जल नावाचा मायावी चितारी आला. म्हणाला, "महाराज, गेलेलं गलबत परत येईल याचा भरवसा कोणी द्यावा? मी काढलेलं गलबत मात्र कुठे जात नाही."

राजा म्हणाला, "काढ."

कज्जलने दरबारात भिंतीएवढं कापड ताणलं आणि त्यावर बंदर रंगवलं. राजपुत्राचं गलबत अजून धक्क्यालाच होतं. ते रंगवून झालं, तसं राजपुत्रासकट पाण्यावरून नाहीसं झालं आणि चित्रात जाऊन उभं राहिलं. मग चिताऱ्याला चटक लागली. रोज एक गलबत तो रंगवी, रोज धक्क्यावरचा एक दोर सैल पडे. बंदर ओस पडलं. धावजीचं गलबतही गेलं. पोवळी दरबारात धावत आली तेव्हा तो चित्रात शिडाच्या दोराला हात लावून उभा होता. लाटांवर रंग होता, ओठांवर रंग होता, पण पापणी लवत नव्हती.

राजाने हात जोडले. "कज्जला, माझा मुलगा मला परत दे."

"आपण थांबवायला सांगितलंत, महाराज. सोडवायला कुठे सांगितलंत? चित्र धुवाल तर गलबतं विरघळतील. नारळी पौर्णिमेला मी त्यावर रोगणाचा हात फिरवणार. रोगण वाळलं की चित्र कायमचं."

पोवळी घरी आली आणि चुलीपाशी नुसती बसून राहिली. तोच खिडकीत एक कुरव येऊन बसला. समुद्रपक्षी तो, धावजीच्या डोलकाठीवरच राहणारा. चित्र काढलं तेव्हा मासा धरायला गेला होता म्हणून वाचला.

कुरव म्हणाला, "बाई, बसून काय होणार? चितारी रंग कालवताना स्वतःशी पुटपुटतो, ते मी ऐकलंय. शिंपल्यांच्या आईचा पांढरा, विझत नाही त्या दिव्याचा काळा आणि तिसरा लाल, असे तीन रंग ज्या गलबताला लागतील, ते त्याच्या हातून सुटेल."

"लाल कुठला?"

"आधी दोन तर आण. घाई नको, आणि उशीरही नको," असं म्हणून कुरवाने पंख झाडले. पक्षी मोठा शहाणा, पण बोलणं असं अर्धवट.

पोवळी ओहोटीच्या मागोमाग चालत गेली. पाणी मागे सरत होतं, ती पुढे जात होती. जिथे ओहोटी संपते तिथे शिंपल्यांची आई बसली होती, अंगावर शेवाळाचं लुगडं नेसून. ती म्हणाली, "ज्यांचे गेले त्या सगळ्या रडतात. तुझे डोळे कोरडे कसे? नवरा नकोसा झाला होता काय?"

"आजी, रडले तर हात कापतो. हात कापला तर रेघ वाकडी येते. ते आले की रडेन पोटभर."

म्हातारी गालात हसली आणि तिने एक पांढराशुभ्र शिंपला पदरातून काढून दिला.

मग पोवळी सुळक्यावर चढली. तिथे एक दिवा जळत असे. त्यात तेल कुणी घालत नसे आणि तो विझतही नसे. राखणीला वेताळ होता. तो म्हणाला, "ज्योतीवर वाटी धर. काजळ धरेपर्यंत मागे वळलीस, तर वाटी रिकामी." तिने वाटी धरली. ज्योत निळी झाली, समुद्र गप्प झाला, आणि पाठीमागून धावजीचा आवाज आला. तोच घोगरा, मिठाने खरवडलेला आवाज. "पोवळे! पोवळे, मी आलो गं!"

मान वळणार, एवढ्यात तिला हसू फुटलं. "पोवळे" म्हणे! लग्न झाल्यापासून ज्याने नाव उच्चारलं नाही, तो आज सुळक्यावर येऊन लाडाने हाक मारणार? "मेल्या, आधी आमच्या घरची रीत शिकून ये," ती न वळताच म्हणाली. वेताळ ओशाळला. वाटी काजळाने भरली होती.

ती उतरून धक्क्यावर आली तो नारळी पौर्णिमा उजाडली होती. नारळ होते, पण दर्याला वाहायला गलबतं नव्हती. कुरव दोराच्या खुंटावर बसला होता. म्हणाला, "आता लाल. तो तुझ्या कपाळावर आहे."

पोवळी पांढरीफटक पडली. नवरा जिवंत असताना आपल्या हाताने कुंकू पुसायचं? तिने कपाळाला हात लावून पाहिला. मग म्हणाली, "ते चित्रात राहिले तर हे कपाळावर ठेवून तरी काय करू?" आणि तिने कुंकू बोटावर उतरवून घेतलं.

दरबारात कज्जल रोगणाची बादली घेऊन चित्रापुढे उभा होता. राजा सिंहासनावर मान खाली घालून बसला होता. पोवळी पुढे झाली, धावजीचं गलबत तिने न्याहाळलं, आणि तिचा धीरच खचला. गलबताला डोळा होता! रेखीव, तेजस्वी डोळा. सगळ्याच गलबतांना होते. मग हे रंग लावायचे कुठे?

कज्जल हसला. "बाई, माझ्या चित्रात उणं काढायला आलीस?"

ती पुन्हा पाहू लागली. हा डोळा घरचा. पुढचं गलबत, तोही घरचा. चितारी दरबाराच्या खिडकीतून, धक्क्याच्या बाजूने बघत रंगवत होता. त्याला दिसलं तेवढं अंग त्याने रंगवलं. म्हणजे ही सारी गलबतं एकाच डोळ्याने धक्क्याकडे बघत उभी. जातील कशी बिचारी? दर्या त्यांना दिसतच नाही!

पोवळी पदर खोचून चित्राच्या मागे गेली.

"तिकडे काय आहे? नुसतं कोरं कापड!" कज्जल ओरडला.

"दर्या तिकडेच आहे," ती म्हणाली.

समोरच्या खिडक्यांतून ऊन येत होतं आणि कापडातून गलबतांच्या सावल्या आरपार दिसत होत्या. तिने धावजीचं गलबत शोधलं. आधी आपल्याच नवऱ्याचं, हो! उगाच खोटं कशाला सांगू? तिने पांढरा भरला, काळी बाहुली टेकवली. लाल कड काढताना मात्र इतके दिवस थोपवलेलं पाणी डोळ्यांत आलं आणि हात कापला. तरी कड पुरी झाली. कापड हललं, खारा वारा सुटला, आणि ते गलबत चित्रातून वळून खिडकीबाहेर, बंदराच्या पाण्यावर, जाऊन उभं राहिलं.

कुंकू मात्र तेवढ्यातच संपलं. कुरव बंदरभर ओरडत फिरला. बायका धावत आल्या. कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ, कुणाचा लेक. जिने तिने आपल्या कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन पोवळीपुढे धरलं. कज्जल समोरून घाईघाईने रोगण फासू लागला, पण त्याचा कुंचला पोचायच्या आत गलबत निघून जाई.

शेवटी राजपुत्राचं गलबत उरलं. त्याला आई नव्हती, बहीण नव्हती. पोवळी चित्रामागून म्हणाली, "महाराज, लाल नाही."

राजा उठला. त्याने कपाळाचा राजटिळा बोटाने पुसला आणि विचारलं, "दर्याकडचा डोळा काढलास की तो जाईल ना?"

"जाईल, महाराज."

राजाचं बोट क्षणभर थबकलं. मग त्याने ते पुढे केलं. शेवटचं गलबत सुटलं, तशी वाऱ्याच्या झोताने बादली कलंडली, रोगण घळघळा वाहिलं आणि कज्जल त्यात माखून चित्रालाच चिकटला. ते चित्र आजही आहे म्हणतात. त्यात रिकामं बंदर आहे, आणि धक्क्यावर हाती कुंचला घेतलेला एक माणूस.

राजा अनवाणी धक्क्यावर आला. तरंगसेनाचं गलबत शीड भरून उभं होतं. मुलगा वरूनच म्हणाला, "आबासाहेब, येतो."

राजाने तोंड फिरवलं नाही. हात उंच केला आणि म्हणाला, "ये, बाळा." गलबत दर्यापार गेलं, आणि पुढच्या साली दोन्ही डोळे शाबूत घेऊन परत आलं.

आणि पोवळी? ती गर्दीत धक्के खात नवऱ्याला शोधत होती. इतक्यात धक्क्याच्या त्या टोकाकडून हाक आली, "अगं ए, ऐकलंस का? या डोळ्याची कड वाकडी आलीय की!"

पोवळी मटकन खाली बसली आणि पोटभर रडली. धावजीला बिचाऱ्याला काही उमजेना. पुढे त्या गलबताला कितीदा नवा रंग लागला, पण ती वाकडी कड कुणाला सरळ करू दिली नाही, ना तिने, ना त्याने.

त्यांची गलबतं त्यांच्या धक्क्याला लागली. ज्यांची अजून दर्यावर असतील त्यांचीही लागोत, आणि निघणाऱ्याला "ये" म्हणायला कुणी विसरू नये.