राजाच्या डोक्यावर हंडा

सोनगिरीच्या तळ्यावर शिपाई बसले आणि राज्यातल्या म्हशींना साडेसाती लागली.

हे सगळं एका दवंडीनं केलं. राजाच्या पंडितसभेतल्या गदाधरशास्त्र्यांनी शोध लावला होता, की म्हशीला पाण्यात डुंबू दिलं नाही, तर ते वाचलेलं पाणी दुधात उतरतं आणि दूध दुप्पट होतं. सभेतल्या तिन्ही पंडितांनी माना डोलावल्या. त्यांतली एक मान खुद्द गदाधरशास्त्र्यांचीच होती, पण डोलली ती डोलली. सटवाजी दवंडीवाल्यानं चौकाचौकांत ढोल बडवला आणि तळं म्हशींना बंद झालं. वर चैत्राचं ऊन. दुप्पट राहिलं बाजूला, होतं तेही दूध आटायला लागलं.

राही गवळणीकडे एकच म्हैस होती, मैना. तिनं तर वैरणीला तोंड लावायचं सोडलं. राही तडक पंडितसभेत गेली.

"बुवा, तुमचा शोध चुकलाय. माझी म्हस मरायला टेकलीय."

"तक्रार आली म्हणजे चौकशी होणारच," मुख्य पंडित गंभीरपणे म्हणाले. मग शेजारी वळून त्यांनी विचारलं, "गदाधरशास्त्री, आपलं काही चुकलं आहे का?"

"छे."

"झाली चौकशी," मुख्य पंडित म्हणाले.

राही जागची हलली नाही. "आन् चुकलं असतं तर?"

"त्याचीही सोय आहे, बाई. पागेच्या मागं, भर दुपारी, ढोल न वाजवता, हळू आवाजात आम्ही दुरुस्ती सांगतो. ज्याला ऐकायची त्यानं तिथं यावं."

"कुनी येतं का?"

"घोडे असतात."

राहीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती थेट राजापुढं जाऊन उभी राहिली. राजा घनसेन मनानं वाईट नव्हता, पण हट्टी असा, की वाट चुकल्याचं कळलं तरी पालखी वळवायचा नाही.

"माझ्या नावाची दवंडी मागं फिरत नाही," तो म्हणाला. "वडिलांची फिरली नाही, आजोबांची फिरली नाही."

"चुकली असली तरी बी न्हाई?"

"माझी दवंडी चुकतच नाही. एवढा तोरा असेल, तर माझ्याच तोंडून एखादी दवंडी मागं घ्यायला लावून दाखव. पौर्णिमेपर्यंत मुदत. जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं तर तुझी म्हैस सरकारजमा."

मैना गेली म्हणजे चूल गेली. पण राहीनं तोंडावर काही दिसू दिलं नाही.

"कुठलीबी दवंडी चालंल, म्हाराज?"

"कुठलीही," राजा मिशीवर हात फिरवत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी राही दह्याचं मडकं घेऊन पंडितसभेत हजर.

"म्या बी एक शोध लावलाय."

पंडित हसले. पण राहीनं सुरुवातच अशी केली, "थोर थोर गदाधरशास्त्री, ज्यांच्यापुढं बाकीची शास्त्रं पाणी भरतात, त्यांच्या शोधाच्या आधारानं..." आणि ती त्यांचे गोडवे गातच राहिली. गदाधरशास्त्र्यांनी सुखानं डोळे मिटले, मान आपोआप डोलू लागली. मुख्य पंडितांचं लक्ष मडक्यात होतं. शेजारची मान डोलतेय म्हटल्यावर त्यांनीही डोलावली. तिसरे पंडित जेवणानंतर नेहमीच पेंगत, त्यांची मान आधीपासूनच हलत होती. शोध काय आहे हे राहीनं अगदी शेवटी सांगितलं. तोवर दही वाढायला घेतलं होतं.

सकाळी ढोल घुमला.

"ऐका हो ऐका! महाराजांच्या नावाची दवंडी, पंडितसभेनं मानलेला शोध ऐका! म्हशीचं वाचलेलं पाणी हंडाभर राजाच्या डोक्यावर ओतलं, की दूध चौपट!"

राजा नुकताच देवदर्शनाला निघाला होता. पहिला हंडा एका म्हातारीनं ओतला आणि वर पायाही पडली. मग बाया आल्या, बाप्ये आले, ज्यांना म्हैस नव्हती तेही आले. शिपायांनी भाले उगारले, पण दवंडी राजाच्याच नावाची, तिच्या आड कोण येणार? उलट त्यांतले दोघे हंडे घेऊन रांगेत लागले. त्यांच्या घरी म्हशी होत्या.

नखशिखान्त भिजलेला राजा दरबारात आला आणि गरजला, "साफ खोटी आहे ही दवंडी! आत्ताच्या आत्ता मागं घ्या!"

राही पुढं झाली. "घेऊ की. पागेच्या मागं सांगायची का, म्हाराज? भर दुपारी, हळू आवाजात?"

"मूर्ख बाई, तिथं कोण ऐकणार? सगळ्या चौकांत ढोल बडवून सांगा!"

"पन आधी चौकशी नको? पंडितांस्नी विचारते, त्यांचं काय चुकलंय का."

"त्यांना विचारत बसलीस तर तोवर मी सडून जाईन!"

"माझी मैना बी तेच म्हनतीय, म्हाराज. तिला पान्याबिगर, तुमास्नी पान्यानं. पर दवंडी तुमीच मागं घेतलीत बरं का. समद्या दरबारानं ऐकलंय."

राजाच्या मिशीवरून पाणी ठिबकत होतं. त्यानं गदाधरशास्त्र्यांकडे नजर वळवली.

"शास्त्री, दूध दुप्पट झालेलं तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"पाहिलं, महाराज." शास्त्र्यांना घाम फुटला. "म्हणजे, दुधाच्या चरवीत पाहिलं. मेहुण्याकडे चरवी एकच आहे. त्यानं दोन म्हशी एकीतच पिळल्या, हे मागाहून कळलं."

राजा आधी खुसखुसला, मग खदखदून हसला, आणि हसता हसता सिंहासनावरून घसरता घसरता राहिला. ओलंही होतं ते.

"माग, राही. काय हवं ते माग!"

"ज्या ढोलानं चूक सांगितली, त्याच ढोलानं, त्याच चौकांत चुकलं म्हनून सांगा. घोड्यांना समदं ठाऊक हाय."

"दिलं! ढोल शास्त्रीबुवाच बडवतील आणि म्हशीही तेच तळ्यावर नेतील. आणि आजपासून पंडितसभेत चौथी मान तुझी, पगारासकट."

"पर म्हाराज, माझी मान आडवी बी हलती."

"म्हणूनच तर!" राजा म्हणाला, आणि त्यानं अंग पुसायला पंचा मागवला.