एक्के हरले तो डाव

"मग माझं गणित चुकलं कुठे, माई?"

हे विचारायला श्रीरंग वाईच्या पुढे, कृष्णाकाठच्या लहानशा मठात आला होता. उमामाई संन्यास घेण्याआधी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या. तो त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. निदान त्याचं स्वतःचं तसं मत होतं.

त्याने सगळं सांगितलं. पोकरच्या मोठ्या स्पर्धेतला शेवटचा डाव. त्याच्या हातात दोन एक्के, समोरच्याकडे दोन राजे. दोघांनी पानं उघडी केली. आता टेबलावर दोघांची सामाईक पाच पानं तेवढी पडायची होती. त्याची जिंकण्याची शक्यता शंभरात ऐंशीच्या वर होती.

शेवटचं पान पडलं, तो तिसरा राजा. दोन एक्क्यांवर तीन राजे भारी.

त्यानंतर श्रीरंगने पत्त्यांना हात लावला नाही. मात्र संगणकावर तोच डाव तो रोज लाख वेळा खेळवून पाहायचा. उत्तर दर वेळी तेच यायचं. ऐंशीच्या वर. मग त्याला झोप लागायची नाही.

माईंनी त्याचा लॅपटॉप मागून घेतला आणि चष्मा लावून तो प्रोग्रॅम सावकाश वाचला. पत्ते पिसण्याचा भाग फार छान जमलाय म्हणाल्या. चूक कुठेच नव्हती.

"याचा वेग कमी होतो का रे?"

"होतो. पण कशाला? बेरीज तीच येणार."

"बेरीज राहू दे. मला एकेक डाव बघायचाय."

त्याने नाइलाजाने तसं केलं. पडद्यावर पानं एकामागून एक पडू लागली. एक्के जिंकले. पुन्हा एक्के. पुन्हा एक्केच. माई हातातल्या शेंगा विसरून, पुढे वाकून पाहत होत्या.

मग एका डावात शेवटचं पान उलटलं... राजा.

श्रीरंगने झटकन डाव थांबवला.

"तुझ्या लाख डावांत एक्के असे किती वेळा हरतात?" माईंनी विचारलं.

"सतरा-अठरा हजार वेळा."

"त्यातला एखादा कधी पाहिला होतास?"

"नाही..." तो म्हणाला. "ते नुसते वजा होतात."

माई पडद्यावरच्या राजाकडे टक लावून पाहत राहिल्या.

"आणि ते सगळे डाव कोण हरत होतं, असं तुला वाटायचं?"