म्हशीला मुजरा

इनामदारांच्या गावात एक रीत होती. सरकार समोर दिसले की सायकलवाल्यानं खाली उतरायचं आणि मुजरा करायचा. रामलिंग कासार मात्र एका सकाळी बांगड्यांची पेटी घेऊन सायकलवरून त्यांच्यासमोरून सरळ निघून गेला. म्हातारपणामुळे त्याला चार हातांपलीकडचं सगळं धूसरच दिसायचं.

"माजलास काय रे? पुन्हा असं झालं तर सायकल जप्त!" इनामदार गरजले.

सायकल गेली तर धंदाच बसणार. "चुकलो सरकार," म्हातारा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भर बाजारात तो सायकलवरून उतरला आणि रवंथ करणाऱ्या म्हशीपुढे कमरेत वाकला. "मुजरा सरकार!" मग कडब्याच्या गंजीला मुजरा, मग हौदावरच्या रेड्याला. बाजार पोट धरून हसू लागला.

इनामदार तणतणत आले. "हा काय चावटपणा?"

आवाजाच्या रोखानं रामलिंगनं अदबीनं मुजरा केला. "सरकार, लांबून मला नुसता मोठा आकार दिसतो. तो आपण नसालच, असं म्हणायची माझी काय बिशाद?"

इनामदारांनी रेड्याकडे पाहिलं, हसणाऱ्या लोकांकडे पाहिलं. "उद्यापासून सायकलवरून उतरलास तर खबरदार!"

"जशी आज्ञा," म्हणत रामलिंगनं टांग मारली आणि म्हशीसमोर घंटी वाजवत निघून गेला.