तानाईची ओंजळ

“मग मी विचारायचं तरी कुणाला, बुवा?”

साहेब घामाघूम होऊन मठाच्या ओट्यावर टेकले. पुण्याहून आलेले, नाव मुकुंदराव हिंगणखेडकर. मांडीवर कागदाची ही एवढी गुंडाळी. रंगीत छापलेली वंशावळ.

आमचे भानगीर बुवा चिंचा सोलत होते. चैत्रातल्या भंडाऱ्याचा दिवस, आमटी उकळायला टाकलेली.

“लोकांना काय विचारलंस?”

“हिंगणखेडकरांचं घर कुठलं, एवढंच. सगळे हसले.”

आम्हीही हसलो, खोटं कशाला सांगू? अहो, गाव सोडून जातो त्याला परमुलखात गावाचं नाव चिकटतं. हिंगणखेड्यातच हिंगणखेडकर कुठून सापडणार?

“मग राघोजीचं नाव सांगितलं, माझ्या पणजोबांचं. तेही कुणाला ठाऊक नाही.”

“कागदात काय आहे?”

साहेबांनी गुंडाळी उलगडली. छाती जरा फुगली. “सगळे पुरुष सापडले, बुवा. नाशिकच्या उपाध्यांकडं हेलपाटे घातले, दप्तरं धुंडाळली. फक्त हा एक चौकोन रिकामा आहे. माझ्या वडिलांच्या आजीचा.”

“राहू दे रिकामा.”

“नाही राहू देता येत...” आवाज एकदम खाली आला. “वडील अंथरुणाला खिळलेत. त्यांची आई बाळंतपणातच गेली, ह्या आजीनंच वाढवलं. रोज विचारतात, ‘मुकुंदा, माझ्या आजीचं नाव काय रे?’ तिला सगळे आजीच म्हणायचे. नाव कुणी घेतलंच नाही. ते असेच गेले, तर...”



बुवांनी एक चिंचोका बाजूला टाकला. “कुणाच्या घरी पाणी प्यालास?”

“बाटली आहे माझ्याकडं.”

“बसलास कुणाकडं?”

“वेळ कुठाय? संध्याकाळी निघायचंय. दारातूनच विचारत गेलो.”

“म्हणजे मागत गेलास. दिलंस काय?”

“द्यायचं काय? पैसे हवे असतील तर...”

“गप रे!”

साहेबांनी खिशाकडं गेलेला हात मागं घेतला. बरं झालं.

“त्या म्हातारीचं काहीतरी सांग,” बुवा म्हणाले. “कागदात नाही असं.”

“कागदात नाही ते काय कामाचं?”

“सांग तर.”

साहेब ओशाळं हसले. “वेडगळपणाच होता म्हणा. वडील सांगतात, दर चैत्रात एक दिवस ती ओंजळभर पीठ मुंग्यांना घालायची. आणि म्हणायची, ‘बिबन, तुझं घातलं गं. तू माझं घालतेस ना?’ आता ही बिबन कोण, देव जाणे.”

बुवांचा हात थांबला...

“ऊठ. काठवटीपाशी जाऊन उभा राहा. तोंड बंद ठेव, कान उघडे.”

आमच्याकडं भंडाऱ्याच्या भाकरीला घरटी ओंजळभर पीठ येतं. पीठ मळायच्या काठवटीत ओततानाची रीत अशी की, त्या घरात जिनं पहिलं जातं मांडलं, तिचं नाव पुकारायचं. पुरुषांची नावं कुणी घेत नाही. दळायला कुठं जातात ते? आणि एखादं घर गाव सोडून गेलं तर शेजारच्या घरानं त्याची ओंजळ घालायची. चूल विझली तरी नाव विझू द्यायचं नाही.

“सोनाई!” पीठ पडलं.

“भागाई!”

मग मुलाण्यांची जैनूबी गुडघ्यावर हात देत उठली. तिनं ओंजळ ओतली.

“बिबन!”

साहेब दचकले.

जैनूबीनं लगेच दुसरी ओंजळ भरली.

“तानाई!”

“मावशी...” साहेबांना तोंड बंद ठेवणं जमेना. “बिबन कोण?”

“माझ्या सासूची सासू.”

“आणि तानाई?”

“शेजारीण तिची. पटकीच्या साथीत नवरा गेला, तशी लेकराला पोटाशी धरून गाव सोडून गेली बिचारी. जाताना म्हणाली, बिबन, माझी ओंजळ चुकवू नको. बिबन म्हणाली, तूही जाशील तिथं माझी घाल. तवापासून आम्ही घालतोय.” जैनूबीनं हात झटकले. “तिनं तिकडं घातली का नाही, अल्लाला ठाऊक. बिबन हाच घोर घेऊन गेली. माझी सासूपण.”

साहेब तिच्यापुढं वाकले.

“घालत होती, मावशी. मरेपर्यंत घालत होती. मुंग्यांना... बिबनचं नाव घेऊन.”

जैनूबी मटकन खाली बसली. पदर तोंडाला लावला आणि रडली, अगदी मोकळी होऊन. बाया धावल्या. कुणीतरी साहेबांपुढं पाण्याचा तांब्या केला, आणि त्यांनी तो घटाघटा रिकामा केला.

मग त्यांनी घरी फोन लावला.

“बाबा, तानाई. तुमच्या आजीचं नाव तानाई.”

पलीकडून म्हाताऱ्याचा चिरका आवाज आम्हालाही ऐकू आला.

“आणि बिबनचं घर? आहे का रे अजून?”

“आहे, बाबा. माझ्यासमोर बसलंय.”

संध्याकाळी निघायची घाई असलेला माणूस पंगतीत वाढायला लागला. जैनूबीच्या घरी चहाला गेला तो तासभर तिकडंच. परत आला तेव्हा कपाळाला जैनूबीच्या हातचं पीठ लागलेलं. ओट्यावर कागद पसरला, रिकाम्या चौकोनात ‘तानाई’ लिहिलं.

पेन तसंच हातात राहिलं.

“बुवा, एक अडचण आहे.”

“बोल.”

“बिबनला कुठं लिहू? रक्ताचं नातं नाही, सोयरीक नाही. सगळ्या रेघा लावून पाहिल्या. माझ्या कागदात तिला जागाच नाही.”

बुवांनी टोपलीतली एक भाकरी उचलली आणि उघड्या वंशावळीवर, मधोमध ठेवली.

“तिच्या काठवटीत तुला जागा होती.”