जिथलं तिथे

“हळू बोला. तिला अजून कळलेलं नाही,” सासूबाई म्हणाल्या.

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराआड वैजू तांदूळ निवडत होती. हे तिच्या कानांसाठी नव्हतं. पण कान काही तिला विचारून ऐकत नव्हते.

“कळेलच की,” सासरे म्हणाले. “पण एक सांगतो. ह्या शिबिराची मुलं नीट परत गेली नाहीत, तर गेनूचं रान बंद. तालुक्याला चुलत्याच्या पिठाच्या गिरणीवर बसवणार त्याला.”

तर एका गावात एक भोळा गेनबा होता, आणि तो आपलाच नवरा आहे, हे वैजूला लग्नाच्या नवव्या दिवशी असं कळलं.

गाव करवंदमाळ. तिथे सासऱ्यांच्या, म्हणजे तात्यांच्या माळावर दर थंडीत शहरातल्या शाळेचं शिबिर भरायचं. तंबू ठोकायचे, मुलांना रान दाखवायचं, ओढा दाखवायचा, चुलीवरचं जेवू घालायचं. रान दाखवायचं काम गेनबाचं. कुठल्या झाडावर कुणाचं घरटं आहे, कुठल्या दगडाखाली खेकडा आहे, सगळं त्याला ठाऊक. गिरणीवर बसला असता तर तो पिठासारखाच पांढरा पडला असता.

वैजू काही बोलली नाही. तिच्या आईने निघताना बजावलं होतं, “सासरी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.” आणि अजून तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बस आली, पण खिंडीखाली ओढ्यात तिचं चाक रुतलं. ड्रायव्हर ट्रॅक्टर शोधायला गेला. सोबतचे मास्तर मोबाइलला रेंज मिळेना म्हणून टेकडीवर चढले. मुलं मोकाट सुटली.

“गेनू,” तात्या म्हणाले, “जा, मुलं गोळा करून आण.”

गेनबा गेला. एक मुलगा जांभळाच्या झाडावर होता, त्याला उतरवला. दोघी जुळ्या बहिणी ओढ्यात गुडघाभर पाण्यात होत्या, त्यांना काढल्या. एक गुबगुबीत मुलगा कडब्याच्या गंजीवर झोपला होता, त्याला उठवला. बाकीची बांधावर बसून बोरं खात होती. टेकडीवर मास्तर मोबाइल धरून हात वर करून उभे होते, त्यांना खाली आणलं.

“शाबास!” तात्या म्हणाले. गेनबाला शाबासकीची सवय नव्हती. तो लाजला.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं रानात गेली. झुडपातून मोर बाहेर आला. “मोर! मोर! अरे पळा, मोर बघा!” गेनबा ओरडला. मुलांनी पळून बघितलं. मोराने पळून दाखवलं. मागे एक पीस राहिलं, ते गेनबाने वैजूला आणून दिलं. तिने ते देवघरात ठेवलं.

तात्यांनी कपाळाला हात लावला. “अरे, असं काही आलं की जागच्या जागी उभं राहायचं! आवाज नाही, हालचाल नाही. येणाऱ्याला त्रास द्यायचा नाही. कळलं?”

“व्हय तात्या.”

गेनबा एकदा ऐकलेलं कधी विसरत नसे. हीच तर पंचाईत होती.

त्याच दुपारी स्वयंपाकघरात वानरं शिरली. दुरडीत सगळ्यांच्या भाकरी होत्या. गेनबाने ओठांवर बोट ठेवलं. मुलं रांगेत गप्प उभी राहिली. एका वानराने दुरडी उचलली, दुसऱ्याने गुळाची ढेप. एक छोटं वानर परत आलं आणि लोणच्याची वाटी घेऊन गेलं. कुणी हललं नाही. सासूबाई पाणी घेऊन आल्या, तेव्हा शेवटची शेपटी कौलावरून जात होती.

“मुडद्या, बघत काय राहिलास!” सासूबाई म्हणाल्या. “स्वयंपाकघरात कुणी शिरलं की थाळी बडवायची, ओरडायचं, पार वेशीपर्यंत पिटाळायचं!”

“व्हय आई.”

त्या दिवशी मुलं उकडलेली रताळी जेवली.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिका कर्णिकबाई न सांगता जीपने आल्या. व्यवस्था कशी आहे ते बघू, म्हणून थेट स्वयंपाकघरात शिरल्या आणि त्यांनी आमटीचं झाकण उचललं. मागे धाडकन थाळी वाजली.

“हुर्र! हाऽऽ!” गेनबा ओरडला. मुलांनी ताटं घेतली. बाई पुढे, गेनबा मागे, त्यामागे तीस ताटं. पार वेशीपर्यंत. सांगितलं होतं तेवढंच. वेशीबाहेर त्याने एक पाऊल टाकलं नाही.

बाईंनी वेशीवरूनच सांगितलं, “शेवटच्या दिवशी मी स्वतः मुलांना न्यायला येते. बस धरणाच्या रस्त्याने आणते, ओढा नको. पुढच्या वर्षीचं तेव्हाच ठरवू.”

तात्यांचा आवाज बसला होता. “अरे, दारात कुणी आलं की हात जोडायचे! सावलीत बसवायचं. गूळपाणी द्यायचं. पोटभर जेवल्याशिवाय हलू द्यायचं नाही!”

“व्हय तात्या.”

वैजू चुलीपाशी होती. ती फुंकणीने जाळ फुंकत राहिली, कारण फुंकणी तोंडाला असली की हसू दिसत नाही.

चौथ्या दिवशी पाटलांचा खोंड दावं तोडून अंगणात आला. गेनबाने हात जोडले. मुलांनी हात जोडले. खोंडाला सावलीत नेलं, परातीत गूळपाणी दिलं. मग त्याला जेवायला वाढलं, म्हणजे परसातला हरभऱ्याचा वाफा दाखवला. खोंड मध्येच जायला निघाला, तर मुलांनी त्याला अडवून आग्रह केला. वाफा संपला.

आता तात्यांनी डोकं शांत ठेवायचं ठरवलं. ते गेनबाला समोर बसवून सावकाश म्हणाले, “हे बघ. आपलं नाही ते आपल्याकडे आलं, तर ते जिथे होतं तिथे नेऊन सोडायचं. जिथलं तिथे. जसं होतं तसं.”

“व्हय तात्या. जिथलं तिथे.”

आणि नवल झालं. खोंड पाटलांच्या गोठ्यात पोचला. गेनबाने मुलांचे खिसे रिकामे करवले. गारगोट्या, शिंपले, पक्ष्याचं रिकामं घरटं, डब्यात ठेवलेला खेकडा, सगळं निघालं. अख्खी दुपार मुलं एकेक दगड हातात घेऊन रानभर फिरली. “हा इथला ना?” “नाही रे, त्या वळणावरचा.” खेकडा आपल्या दगडाखाली गेला. संध्याकाळी वैजूने देवघरात पाहिलं, तर मोराचं पीसही नव्हतं.

“ह्याला म्हणतात शहाणपण!” तात्या म्हणाले. सासूबाईंनी डोळे पुसले. गिरणीचा विषय घरात निघाला नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी तात्या घाईत होते. “गेनू, मुलं जायची आहेत. चुकायचं नाही. काल केलंस तसं नीट कर,” म्हणाले आणि बाईंसाठी हार आणायला बाजारात गेले. सासूबाई पाटलांकडे हरभऱ्यावरून भांडायला गेल्या. घरात वैजू एकटी. ती मुलांना वाटेसाठी लाडू देत होती.

“वहिनी, आम्हाला कागदात नीट बांधून द्या,” जुळ्या म्हणाल्या. “पाण्यात उभं राहायचंय.”

“मला नको,” गुबगुबीत मुलगा म्हणाला. “मी झोपलेलो होतो.”

“मास्तर, मोबाइल घेतला ना?” गेनबाने विचारलं. टेकडीवर रेंज मिळते, तेव्हा मास्तर सगळ्यांच्या आधी तयार होते.

वैजूला सगळं कळलं. तिने दारापर्यंत येऊन गेनबाकडे पाहिलं. त्याने हसून मान डोलावली आणि वरात ओढ्याकडे निघाली. तिला विचारलं काहीच नाही. ती परत आत गेली.

नऊ वाजता बस आली. तात्या हार घेऊन उभे. तंबू रिकामे, झाडून लख्ख.

“मुलं कुठायत?” कर्णिकबाईंनी विचारलं.

तात्यांनी तंबूत पाहिलं, गोठ्यात पाहिलं, घाबरून विहिरीतही डोकावून पाहिलं. मग टेकडीवर त्यांना एक हात दिसला. वर केलेला. त्यात मोबाइल.

सगळे ओढ्याकडे धावले. जुळ्या गुडघाभर पाण्यात लाडू खात होत्या. बाकीची बांधावर बोरं खात होती. गंजीवर गुबगुबीत मुलगा खरोखरच घोरत होता. जांभळावरच्या मुलाने वरून हात केला.

“बाई, आम्ही सापडलो तिथेच आहोत! जसे होतो तसे!”

गेनबा घामेजून उभा होता. “सगळं जिथलं तिथे, तात्या. फक्त बसचं चाक रुतवायचं राहिलं. बस कुठाय?”

तात्यांनी डोळे मिटले. डोळ्यांपुढे गिरणी फिरत होती.

कर्णिकबाईंनी ओढा पाहिला, बांध पाहिला. कागदाचा कपटा नाही. जुळ्यांनी लाडवाचे कागदही घडी करून खिशात घातलेले.

“तेरा वर्षं मुलांना शिबिरांना नेतेय,” त्या म्हणाल्या. “जिथलं तिथे ठेवा, हे सांगून सांगून माझा घसा बसला. ऐकणारा माणूस पहिल्यांदाच बघते. पुढच्या वर्षी हाच हवा.” आणि हार घालून घेताना हळूच म्हणाल्या, “फक्त ती थाळी कपाटात ठेवा.”

बस गेली. तात्या घरी येऊन ओसरीवर टेकले. समोर लाडवांचा रिकामा डबा दिसला. त्यांनी सुनेकडे पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच.

“सूनबाई, मुलं तुझ्यासमोरूनच गेली?”

“हो, मामा.”

“कुठे चाललीत, माहीत होतं?”

“हो, मामा.”

“अगं, मग बोलली का नाहीस?”

“आईनं सांगितलंय, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. आज विचारलंत.”

 मग सासूबाई तात्यांकडे झुकल्या. “अहो, आपण ह्याचं कळू दिलं नाही. हिच्या माहेरच्यांनी हिचं कळू दिलं नाही.”

“हळू बोल,” तात्या म्हणाले.

वैजूने डबा उचलला आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, “आत्याबाई, ह्यांचं मला नवव्या दिवशीच कळलंय. तेही कुणी विचारलं नाही.”