लिनक्सकाका टिकलीवर लिहीनात

वस्तूंना बोलता यायचं, तेव्हाची ही गोष्ट. एका अंगणवाडीत एक जुना संगणक होता. तो लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालायचा, म्हणून त्याला सगळे लिनक्सकाका म्हणत. तिथेच टिकली नावाची इवलीशी लाल पेनड्राइव्ह राहायची. मुलांचे सगळे फोटो तिच्याच पोटात होते, दुसरीकडे कुठ्ठेही नव्हते.

एकदा स्नेहसंमेलनाचे नवे फोटो घ्यायला टिकली काकांकडे आली. काकांनी तिचे जुने फोटो भराभर दाखवले, पण नवा एकही तिच्यात ठेवीनात. "वाचीन, पण लिहिणार नाही," एवढंच म्हणाले.

टिकलीने घाबरून विचारलं, "काका, रागावलात का हो माझ्यावर?"

"पुसून टाका तिची पाटी, काम झटपट होईल!" शेजारचा माउस खिदळला.

"आणि पोरांचे फोटो काय तू आणून देणार?" काका त्याच्यावर गुरकावले. मग टिकलीला हळूच म्हणाले, "मागल्या खेपेला मी लिहीत असतानाच तू उडी मारून पळालीस. आतली घडी विस्कटलीय, बाळा. त्यावरच लिहिलं तर जुनंही जाईल."

त्यांनी तिला आधी कामातून मोकळं केलं, एकेक कप्पा तपासून नीट लावला आणि मगच पुन्हा जोडून घेतलं. जुना एकही फोटो हरवला नाही, नवेही सगळे मावले.

"झालं ना? मार उडी!" माउस म्हणाला.

टिकली जागची हलली नाही. "काका, येते हं," म्हणाली, आणि काका "ये" म्हणेपर्यंत थांबली.